गेलेल्यांचे ठोके

आमच्या केंद्रात कुणाचीही नोंद पुसायची नाही, हा नियम कुणी केला ते मला आठवत नाही. बहुधा कुणीच केला नसावा. पेसमेकर बसवलेली माणसं महिन्यातून एकदा आम्हाला फोन करायची. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधायच्या, त्यांच्या तारा एका छोट्या डबीत जायच्या, डबीवर रिसीव्हर ठेवायचा, की त्यांच्या हृदयाचे ठोके बारीक शिट्टीसारखे फोनवर बसणाऱ्या आमच्या बायकांच्या कानात यायचे. मग छातीवर चुंबक धरायला सांगायचं. चुंबक धरला की पेसमेकर आपल्या ठरलेल्या वेगानं ठोके देतो, आणि बॅटरी उतरू लागली की तो आकडा खाली येतो. तेवढा एक आकडा मिळवण्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यात हवापाण्याच्या, नातवंडांच्या, गुडघ्यांच्या गप्पा व्हायच्या त्या वेगळ्या.

मग कधीतरी एखाद्याचा फोन यायचा थांबे. नोंद बंद करायला सांगणारं कुटुंबाचं पत्र येई. आम्ही नोंद बंद करायचो, पण काढून टाकत नव्हतो. फोनवरच्या बायकांमधली सगळ्यात जुनी लव्होन माकी. तिला मी एकदा म्हटलंही होतं की संगणकातला नोंदींचा तक्ता फार फुगलाय, जुनी माणसं काढायला हवीत. ती म्हणाली, "ज्याचा ठोका मी दहा वर्षं कानात घेतला त्याला एक बटण दाबून घालवू? तू घालव." मीही घालवलं नाही. डेटाबेस माझ्या ताब्यात होता, पण त्या माणसांचे आवाज मीही ऐकलेले होते. अशी आमच्या तक्त्यात जिवंत माणसं थोडी आणि गेलेली फार झाली.

डुलुथ गावाच्या टेकडीवर आमची विटांची इमारत होती. खाली सरोवर. त्या वर्षी मार्च उजाडला तरी बर्फ काठाला चिकटून होता. माझी थोरली बहीण सिग्ने न्यूमोनियानं हॉस्पिटलात होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला बर्फावरचे स्केट बांधायला तिनं शिकवलं, आणि लग्न तिनं केलं नाही. तिच्या छातीत पेसमेकर बसवून तिसरा हिवाळा चालू होता.

त्या सकाळी मी कामावर आले तेव्हा आमचा साहेब व्हर्नन फॅक्सपाशी उभा होता. अंगातला कोट त्यानं काढला नव्हता. एरवी तो कोट आधी खुंटीला लावायचा आणि मगच गुड मॉर्निंग म्हणायचा. त्यानं कागद माझ्या हातात दिला. पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. एका मॉडेलच्या काही बॅटऱ्या सदोष निघाल्या होत्या, आणि त्या हळूहळू उतरत नव्हत्या. एका क्षणी त्या बंदच पडत. आधी दिसणारी खूण एकच होती. पेसमेकर बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत चुंबकाचा आकडा एखाददोन ठोक्यांनी खाली येतो आणि पुढे तिथंच स्थिर राहतो.

स्थिर आकडा म्हणजे माणूस ठणठणीत, असं आम्ही इतकी वर्षं समजत आलो होतो.

मॉडेलचा क्रमांक मी वाचला आणि पुन्हा वाचला. सिग्नेच्या पेसमेकरचं कार्ड माझ्याच पर्समध्ये असायचं. मला ते काढून बघावं लागलं नाही.

मी हॉस्पिटलात डॉक्टर पेल्तिएंना फोन लावला. ते शांत माणूस होते, त्या दिवशी फारच शांत वाटले. म्हणाले की तुझ्या बहिणीला ताप आहे, छाती कफानं भरली आहे. आज पेसमेकर बदलायला तिला उघडलं तर जंतू थेट हृदयापर्यंत जाऊ शकतात, आणि मागच्या भुलीतून ती किती उशिरा जागी झाली ते तुला माहीत आहे. ताप उतरेपर्यंत थांबणं केव्हाही चांगलं. पण बॅटरी त्या सदोषांपैकी असेल तर थांबणं हाच धोका.

"आजचा तिचा आकडा मी घेतलाय," ते म्हणाले, "पण त्याचा काही उपयोग नाही. मला पहिल्या वर्षाचे आकडे हवेत. ते तुझ्याकडे आहेत. ते मिळेपर्यंत मी तिला हात लावणार नाही."

आकडे माझ्याकडे होते, पण जुन्या तक्त्यात. चालू दोन वर्षांच्या नोंदी नावानं चटकन निघत. त्याआधीचं सगळं तारखेच्या क्रमानं एकाखाली एक रचलेलं होतं आणि नावाची सूची त्याला नव्हती. एक नाव शोधायचं तर अख्खा तक्ता वाचावा लागे. व्हर्ननला तर सगळीच माणसं हवी होती, त्या मॉडेलची, पहिल्या फोनपासूनची, नावानुसार लावलेली, एका दमात. मी म्हटलं की तुकड्यातुकड्यानं काढू, इतका मोठा तक्ता आपण कधी एकदम विचारलेला नाही. तो म्हणाला तुकडे पाडायला वेळ नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याची भीती मला कळत होती, म्हणून मी वाद घातला नाही. मशीनला तशी विचारणा, म्हणजे क्वेरी, सोडली.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग मशीनच्या खोलीतून येणारा आवाज बदलला. डिस्कची एकसारखी घरघर व्हायला लागली, तिच्यावरचे लुकलुकणारे दिवे विझेनात. मी पडद्यावर बघितलं तेव्हा मोकळी जागा झपाट्यानं संपत होती. नावं क्रमानं लावायला मशीनला बाजूला पसारा मांडावा लागतो, आणि आमचा पसारा एवढा होता की मांडायला जागा उरली नाही. मी क्वेरी थांबवायला हात पुढे केला तेवढ्यात पडदा गोठला.

मग फोनच्या खोलीतून एकेक बाई दाराशी येऊन उभी राहिली. कुणालाच कुणाची नोंद दिसत नव्हती. कुणाचा फोन नंबरही निघत नव्हता. धोका कुणाला आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आता ती माणसं राहतात कुठं हेही बघता येत नव्हतं.

मी मशीन पुन्हा चालू केलं. कोसळलेला डेटाबेस उठताना आधी स्वतःची आवराआवर करतो. अर्धवट राहिलेलं एकेक काम तपासतो, पुरं करतो किंवा परत फिरवतो. तोवर तो कुणाला दाद देत नाही. पडद्यावर किती काम झालं ते दाखवणारी एक पट्टी असते, ती मुंगीच्या पावलानं सरकते. हे सगळं मी व्हर्ननला सांगितलं. म्हटलं, आता फक्त हात आवरून बसायचं. आणि सिग्नेची चौकशी करायला बाहेर फोनपाशी गेले.

फोन सिग्नेनंच घेतला. दोन शब्दांमध्ये धाप लागत होती. मी विचारलं कसं वाटतंय. "बरं आहे की," ती म्हणाली. "माझ्यासाठी धावपळ करू नकोस. इथल्या पोरींना किती कामं असतात, मी उगाच घंटी वाजवत नाही."

"चक्कर येते का?"

"येते, पण पडलेलीच आहे तर पडणार कुठं."

मी हसले. मग रिसीव्हर ठेवला.

परत आले तर पट्टी पुन्हा डाव्या टोकाला होती. व्हर्नननं मशीन बंद करून चालू केलं होतं. त्याला वाटलं पट्टी अडकली. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो, आणि भ्यालेला माणूस पुन्हा पुन्हा करतो. आवराआवर मध्येच तोडली की ती पहिल्यापासून सुरू होते. सिग्नेच्या वाट्याचा तेवढा वेळ गेला होता.   मी खुर्ची ओढली आणि मशीनच्या कपाटाला पाठ लावून बसले, बटण माझ्या खांद्यामागे येईल अशी.

लव्होन आत आली. तिच्या हातात वेलदोड्याचा गोड पाव होता, घरून आणलेला. तिनं माझ्याकडे बघितलं, व्हर्ननकडे बघितलं. "व्हर्नन," ती म्हणाली, "परत बटण दाबायचं असेल तर आधी हिला उचलावं लागेल. आणि तुझी कंबर मागच्या आठवड्यातच धरली होती."

तो बाजूच्या टेबलाच्या कडेवर टेकला. कोट अजून अंगातच होता. लव्होननं दिलेला पाव मी मांडीवर तसाच ठेवला. आतली डिस्क मध्येच थांबे, तेव्हा माझा श्वास थांबे. ती पुन्हा फिरू लागली की मी श्वास सोडायचे. एवढ्या लांबून सिग्नेच्या छातीतलं ते यंत्र मला ऐकू येत नव्हतं. त्याच्या जागी मी हे ऐकत होते.

शेवटी डेटाबेस उठला. व्हर्नन चटकन म्हणाला, "गेलेल्यांना आता काढून टाक. सगळ्यांना. तक्ता अर्धा होईल, मग नीट चालेल."

मी नकारार्थी मान हलवली. एवढी माणसं एकदम पुसायची म्हणजे काम पुरं होईपर्यंत मशीनला पुसलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवावी लागते. मध्येच पडलं तर सगळ्यांना परत जागेवर बसवावं लागतं. मग ते आज काही उठत नाही. व्हर्नननं पुन्हा विषय काढला नाही.

मी एकेका महिन्याचा तुकडा मागायला लागले. क्रम नको, मांडामांड नको, फक्त सिग्नेची ओळ. तिला पेसमेकर बसवला तो जून. जुलैचा आकडा आला, पंच्याऐंशी. ऑगस्ट, पंच्याऐंशी. सप्टेंबर, पंच्याऐंशी. मला हलकं वाटायला लागलं होतं. ऑक्टोबर मागितला आणि मशीन पुन्हा कोसळलं.

या वेळी जागा भरपूर होती. म्हणजे दोष तक्त्यातच होता. डिस्कचा एखादा कोपरा सडला असणार, आणि त्या ठिकाणची ओळ वाचायला गेलं की डेटाबेस पाय घसरल्यासारखा पडत होता. सडलेली जागा नेमकी कुठं आहे हे बघायचं तर पुन्हा तिथंच जाणं आलं, आणि पाय पडला की पुन्हा ती पट्टी, पुन्हा ती वाट बघणं. हॉस्पिटलातून निरोप आला होता की सिग्नेला मघाशी एक मोठी चक्कर येऊन गेली, काही क्षण तिनं हाकेला ओ दिली नाही. निरोप देणाऱ्या नर्सचा आवाज मुद्दाम सरळ ठेवलेला होता.

मी पुन्हा पाठ लावून बसले. त्या बसण्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाही. माणूस नुसता बसलेला असतो.

वसंताच्या तोंडाशी गोठलेल्या तळ्यावर चालताना आमच्याकडे हातात लोखंडी पहार घेतात. पुढचा बर्फ ठोकायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल. डेटाबेस उठल्यावर मी तसंच केलं. महिना नको, एकेक दिवस मागितला. ऑक्टोबरची पहिली तारीख आली. दुसरी आली. प्रत्येक वेळी बटणावरचं बोट दाबायला धजत नव्हतं. सिग्ने फोन करायची ती साधारण दहा तारखेच्या आसपास. पाचव्या तारखेला पडदा क्षणभर अडखळला आणि मग उत्तर आलं. मी हात मागे घेतला. सहावी तारीख मागायची हिंमत मला झाली नाही.

लव्होन माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "पलीकडून ये."

मी नोव्हेंबरच्या शेवटापासून मागे यायला लागले. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस, अशी दहा तारखेपर्यंत. सिग्नेचा नोव्हेंबरचा फोन सापडला. त्र्याऐंशी. डिसेंबर बघितला, त्र्याऐंशी. त्यानंतर थेट गेल्या महिन्यापर्यंत त्र्याऐंशी. ऑक्टोबरचा तिचा आकडा त्या सडलेल्या कोपऱ्यात गेला होता, पण त्याची आता गरज नव्हती.

मी डॉक्टरांना सांगितलं.  ते म्हणाले, "दोन ठोके. आर्डिस, फोनच्या लाइनची खरखर असली तरी दोन ठोक्यांचा फरक पडतो. कंपनी म्हणते ही खूण आहे. किती खरी खूण, ते कंपनीलाही माहीत नाही. एवढ्यावर मी या बाईला तापात उघडू? उघडली आणि ती त्यातच गेली, आणि बॅटरी धडधाकट निघाली, तर?"

 रिसीव्हर कानाला तसाच होता. फोनच्या खोलीत कुणीतरी कुणा म्हातारीला चुंबक धरायला सांगत होतं, हळू आवाजात, काही झालेलं नाही अशा सुरात.

लव्होननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे मॉडेल असलेले आपल्या तक्त्यातले काही गेलेही असतीलच ना," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना म्हटलं, थांबा, मी परत फोन करते.

गेलेल्यांबद्दल आम्ही मशीनला त्याआधी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना नुसतं ठेवून घेतलं होतं. मी त्या मॉडेलच्या बंद नोंदी मागितल्या, पुन्हा महिन्यामहिन्यानं, त्या ऑक्टोबरला वळसा घालून. जे मिळेल ते एका छोट्या वेगळ्या तक्त्यात ठेवत गेले, म्हणजे मशीन पडलंच तर तोवरचं हातचं जाऊ नये. तुकडा सोडायचा, डिस्कचा आवाज ऐकायचा, पुढचा तुकडा. नावं यायला लागली आणि लव्होन ती मागून मोठ्यानं वाचायला लागली. 

"ऑर्व्हिल टेस्के. हा दारातला बर्फ उपसताना गेला. आपण म्हटलं, वय झालं होतं."

ऑर्व्हिल टेस्के. पहिले दोन फोन पंच्याऐंशी, तिसऱ्यापासून त्र्याऐंशी, शेवटच्या फोनपर्यंत त्र्याऐंशी. तो शेवटचा फोन त्यानं जाण्याच्या आदल्या आठवड्यातच केला होता. त्याखाली आमच्याच बाईचा शेरा होता, प्रकृती उत्तम.

हिबिंग गावची एक निवृत्त शिक्षिका, चौऱ्याऐंशीवर स्थिरावलेली, चर्चमधून घरी येताना गाडीत गेली. एक सुतार, त्र्याऐंशी. सिल्व्हर बे गावची एक बाई, तिच्या पाककृती लव्होननं फोनवर उतरवून घेतल्या होत्या, त्र्याऐंशी. पहिल्या वर्षात आकडा खाली येऊन थांबलेली ही सगळी माणसं तिसऱ्या हिवाळ्यात गेली होती. चौथा कुणालाच दिसला नव्हता. ज्यांचा आकडा हलला नव्हता ती वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या आजारांनी गेली होती. काही तर नव्वदी गाठून.

प्रत्येकाच्या मृत्यूला आम्ही एकेक कारण लावून ठेवलं होतं. एकत्र कुणी बघितलंच नव्हतं. व्हर्नन खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं, ऐका. नावं सांगितली नाहीत. वय, आकडे, महिना, एवढंच वाचत गेले. चारपाच जणांनंतरही त्यांनी मला थांबवलं नाही, म्हणून मी शेवटपर्यंत वाचलं.

"हा तिचा तिसरा हिवाळा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तिला खाली ऑपरेशनला नेतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला तिकडे जायचं होतं. जाता आलं नाही. त्याच वाटेनं आता जिवंत माणसं काढायची होती, आणि त्या तक्त्यावर दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू द्यायला मी तयार नव्हते. मी एकेक तुकडा मागत होते आणि निघालेली नावं लव्होनच्या हाताखालच्या बायका घेऊन जात होत्या. त्यांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येई. आमच्या भागातली माणसं, कुणालाच स्वतःचं ओझं कुणावर टाकायचं नसे. मी ठीक आहे, असंच प्रत्येक जण म्हणत होता. लव्होन कुणाला तरी म्हणत होती, "नाही, दूध काढून झाल्यावर नाही. बायकोला गाडी काढायला सांगा. आत्ता." तिला कुणाशी त्या सुरात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सिग्ने त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर होती. प्रत्येक वेळी फोन वाजला की मला वाटे, हॉस्पिटलचाच.

तो आला तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. डॉक्टर म्हणाले की जुना पेसमेकर काढून त्यांनी तपासला, त्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. किती वेळ चालला असता हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सिग्ने जागी होईल की नाही हे मात्र त्यांना अजून सांगता येत नव्हतं.

ती जागी झाली. ताप बरेच दिवस रेंगाळला, जखम चिघळली, पुन्हा भरली. मी रोज तिच्या पलंगाशी बसायचे आणि तिची छाती वरखाली होते का ते बघायचे. ते तिच्या लक्षात आलं. एका दुपारी तिनं विचारलं की डॉक्टरांचं मन वळलं ते कशामुळं. मी सांगितलं. ज्यांची नोंद आम्ही पुसली नव्हती त्यांच्यामुळं.

"कोण कोण होते?" ती म्हणाली.

नावं सांगायची नसतात. पण तिला मी सांगितली, एकेक करून. ऑर्व्हिल टेस्केच्या नावाला तिनं डोळे उघडले. तो तिच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, फार खालच्या पट्टीत गायचा आणि निघताना तिच्यासाठी दार धरायचा.

"त्याला कुणी सांगितलं असतं तर," ती म्हणाली.

मी म्हटलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"नसेल," सिग्ने म्हणाली. तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला नाही, पण तोंड भिंतीकडे केलं, आणि मला उरलेली नावं सांगायला लावली.